पट्ट्यातले नऊ महिने

डॉक्टरांनी एमआरआयच्या चित्रावर पेनाचं टोक टेकवलं आणि म्हणाले, "हा मणका पुढे सरकलाय."

मी पाहिलं. आजीच्या माजघरात मडक्यांची उतरंड असायची. तिच्यातलं खालून दुसरं मडकं मांजराच्या धक्क्यानं पुढे यावं आणि वरची सगळी तरीही त्याच्यावर तोल सांभाळून उभी राहावीत, तसं ते चित्र होतं. अठ्ठावन्न वर्षं मी या उतरंडीच्या भरवशावर हिंडत होतो.

मणका सरकण्याचं श्रेय मी न्यू जर्सीच्या बर्फाला देतो. २००२ साली एडिसनला घर घेताना एजंटानं 'लांबलचक ड्राइव्हवे' हा घराचा गुण म्हणून सांगितला होता. पुढचे बावीस हिवाळे मी तो गुण फावड्यानं उपसला. डॉक्टर मात्र बर्फाला काही द्यायला तयार नव्हते. "झीज," म्हणाले. "वय," म्हणाले. घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं, "बर्फ."

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. त्याचं वर्णन करत नाही. एक तर मी झोपेत होतो, आणि दुसरं म्हणजे, ऑपरेशनचं वर्णन करणाऱ्या माणसाशेजारची खुर्ची इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कायम रिकामी असते हे मी पाहिलेलं आहे. एवढंच सांगतो: सहा स्क्रू, दोन सळ्या, मणक्यांमधल्या दोन फटींत बसवलेले दोन पिंजरे, आणि माझ्याच कमरेच्या हाडातून खरवडून काढलेला चुरा. एक्स-रे पाहून लेक म्हणाली, "बाबा, माझ्या बुकशेल्फला बारा स्क्रू लागले होते." तिला पाठीची काळजी वाटत होती की बुकशेल्फचा अभिमान, ते कळलं नाही.

आता, स्क्रू आणि सळ्यांनी पाठ जोडली जाते असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटत होतं. खरं तर मला तसं वाटायला नको होतं, कारण अमेरिकेत येऊन कॉम्प्युटरसमोर पाठ वाकवण्याआधी मी सिव्हिल इंजिनिअर होतो. १९८८ साली कोथरूडमध्ये एका बिल्डरकडे साइटवर होतो. स्लॅब टाकायचा म्हणजे खाली टेकू लागतात, फळ्या लागतात. त्याला सेंटरिंग म्हणतात. सेंटरिंगनं स्लॅब तोलायचा तो सिमेंटनं जीव धरेपर्यंत. माझ्या पाठीतले स्क्रू आणि सळ्या म्हणजे सेंटरिंग. खरा स्लॅब म्हणजे तो हाडाचा चुरा. त्यातून नवं हाड उगवून वरच्या आणि खालच्या मणक्याला धरलं तर इमारत उभी. नाही धरलं तर आज ना उद्या स्क्रू सैल होतात, सळी मोडते, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. सिमेंटच्या बाबतीत हा प्रश्न काही आठवड्यांत निकालात निघतो. हाडाला सहा महिने लागतात, कधी वर्ष, कधी त्याहून जास्त.

स्लॅब टाकल्यावर सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं, तर पाणी मारणं. वर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालायचे, पाणी साठवायचं, आटलं की पुन्हा मारायचं. हे काम वॉचमनकडे असायचं आणि त्यानं ते केलं की नाही हे बघायचं काम माझ्याकडे. मी सकाळी साइटवर पोचलो की विचारायचो, "पाणी मारलं का?" तो म्हणायचा, "मारलं साहेब." मी जिन्यानं वर जायचो. जिन्याच्या तोंडाशी स्लॅब ओलाचिंब असायचा. तिथूनच मी परत फिरायचो. पलीकडचा कोपरा वाळवंटासारखा असणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण ऊन फार असायचं.

या गोष्टीचा सूड छत्तीस वर्षांनी माझ्या कमरेवर उगवला गेला.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला मधुमेह आहे, दोन पातळ्या जोडल्यात, हाड जुळायला वेळ लागू शकतो. मी तुम्हाला बोन ग्रोथ स्टिम्युलेटर लिहून देतो."

"त्यानं हाड वाढतं?"

"मदत होऊ शकते."

"नक्की?"

इथे त्यांनी ज्या पद्धतीनं खांदे उडवले त्यावरून मला आमच्या गावच्या वैद्यांची आठवण झाली. तेही काढा देताना 'घेतलात तर वाईट नाही' म्हणायचे. नंतर मी वाचलं तेव्हा कळलं, की अभ्यासांचे निकालही असेच आहेत. काहींत फायदा स्पष्ट दिसतो, काहींत हात लावावा एवढाही दिसत नाही, आणि सर्जन लोकांत यावरून दोन तट आहेत. आमचे डॉक्टर दोन्ही तटांवर एकेक पाय ठेवून उभे होते. त्यांची पाठ उत्तम असावी.

यंत्राची किंमत काही हजार डॉलर. ती विमा कंपनीनं द्यायची होती. पहिलं पत्र नकाराचं आलं, ते येतंच. मग फोन. पलीकडच्या बाई माझ्या बाजूनं होत्या, पण त्यांच्यासमोर एक यादी होती आणि त्या यादीतल्या चौकटींत माझ्याबद्दल काहीतरी वाईट भरल्याशिवाय यंत्र मिळणार नव्हतं.

"तुम्ही सिगरेट ओढता?"

"नाही," मी अभिमानानं म्हणालो.

"कधीच नाही?" आवाजात निराशा होती.

"होस्टेलवर. १९८५ साली. दीड."

"दीड चालणार नाही. याआधी पाठीचं ऑपरेशन फसलंय?"

"नाही हो."

"मधुमेह?"

"आहे! पंधरा वर्षं!"

"फारच छान," त्या म्हणाल्या. पंधरा वर्षांत माझ्या मधुमेहाचं कुणी असं मोकळ्या मनानं स्वागत केलं नव्हतं. दुसरं पत्र मंजुरीचं आलं.

यंत्र घेऊन कंपनीचा एक मुलगा घरीच आला. खोक्यातून त्यानं एक रुंद पट्टा काढला. पट्ट्याच्या आत तारेची वेटोळी शिवलेली, पुढे साबणाच्या डबीएवढा कंट्रोल बॉक्स, त्यावर एक बटण, एक हिरवा दिवा आणि मिनिटं दाखवणारी एक लहानशी खिडकी. पट्टा माझ्या कमरेला गुंडाळून त्यानं वेल्क्रो दाबला आणि बटण दाबलं. दिवा लागला.

मी श्वास रोखून उभा राहिलो. काहीच झालं नाही.

"सुरू झालं?"

"झालं."

"मला काहीच कळत नाहीये."

"कळणारच नाही," तो म्हणाला. "रोज दोन तास. सलग नाही जमलं तर तुकड्यांनी. नऊ महिने. आणि हो, किती वेळ लावलं ते हे यंत्र लक्षात ठेवतं. डॉक्टरांना ते बघता येतं."

म्हणजे वॉचमन मी होतो. आणि साहेब आता जिन्याच्या तोंडावरून परत फिरणारा नव्हता.

बायको इतका वेळ दारात उभी राहून ऐकत होती. मुलगा गेल्यावर तिनं बोटं मोजली. "नऊ महिने. पोटाला पट्टा. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, दुपारी आडवं व्हायचं." आणि मग फार समाधानानं म्हणाली, "भोग आता."

त्यात भर आईनं घातली. आई पुण्यात असते. आमच्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेचार, तिचा चहा. मी पट्टा लावून बसण्याची वेळ आणि तिच्या व्हिडिओ कॉलची वेळ एकच झाली.

"अरे, हे काय बांधलंयस? हर्निया झाला का?"

"नाही गं. हाड वाढायचं यंत्र आहे."

"वाढायचं? किती वाढणार?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. "जुळण्यापुरतं."

"ते यंत्राला कळतं का, कुठे थांबायचं ते? विचारून ठेव. उगाच बाहेर नको यायला."

मग तिनं शेजारच्या काकूंना फोनसमोर आणलं, काकूंनी हाडसांधीच्या वेलाचे गुण सांगितले, आणि पंधरा दिवसांनी पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून दोन किलो डिंकाचे लाडू आले. डिंकाचे लाडू बाळंतिणीला देतात हे मला माहीत होतं. बायकोलाही माहीत होतं. ती काही बोलली नाही. फक्त डबा उघडून माझ्याकडे बघत राहिली.

"गुळाचे आहेत," आई फोनवरून म्हणाली. "गुळानं साखर वाढत नाही."

या विधानाला महाराष्ट्रात आजवर कुणी खोडून काढू शकलेलं नाही. बायकोनं रविवारी अर्धा लाडू मंजूर केला आणि डबा स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे, कुकरच्या आड ठेवला. ज्या माणसाला वाकायला बंदी आहे त्याच्यापासून काही लपवायचं तर यासारखी जागा नाही.

पण ऑपरेशननंतर हॉस्पिटलनं मला एक लांब चिमटा दिला होता. खाली पडलेले मोजे उचलायला. एका दुपारी घरात कुणी नसताना मी ताठ उभा राहून पायानं कप्प्याचं दार सरकवलं, चिमटा आत घातला, कुकर बाजूला केला, झाकणाची कड पकडली. झाकण निघालं. लाडू पकडला. तो वर आणताना गुडघ्याच्या उंचीवर निसटला, फरशीवर आपटला आणि दोन तुकडे होऊन फ्रिजखाली गेला. आता फ्रिजखालचं काढायला वाकावंच लागतं. संध्याकाळी बायकोला मुंग्या दिसल्या आणि सगळं उघडकीला आलं. पट्टा तेव्हाही लावलेला होता. पट्ट्यानं फक्त वेळ नोंदवली.

आईच्या 'कुठे थांबायचं ते यंत्राला कळतं का' या प्रश्नानं मात्र मला वाचायला लावलं. नऊ महिने रोज दोन तास एका जागी बसलेला माणूस दुसरं काय करणार?

आपल्या स्वयंपाकघरात टकटक करणारा गॅस लायटर असतो ना, त्याच्यात सेल नसतो. आत एक स्फटिकासारखा तुकडा असतो, बटण दाबलं की त्याच्यावर टोला बसतो आणि दाबामुळे वीज तयार होऊन ठिणगी पडते. हाच गुण हाडात आहे हे जपानमध्ये फुकादा आणि यासुदा या दोघांनी १९५७ साली दाखवून दिलं. वाळलेल्या हाडाचा तुकडा दाबला की त्याच्यावर विजेचा भार येतो. अर्थात त्याच्यापुढे लायटरची ठिणगी म्हणजे वीज कोसळण्यासारखी. हाडातली अगदीच बारीक. (ओल्या, जिवंत हाडात तर बरीचशी वीज आतल्या द्रवाच्या हालचालीमुळे येते असं पुढे दिसलं. पण लायटरचं चित्र इतकं चांगलं आहे की मी ते सोडणार नाही.) हाड वजन पेलेल तसं घडतं, हे जर्मनीत यूलियस वोल्फ १८९२ सालीच सांगून गेला होता. ते कसं घडतं याचा एक धागा या जपानी माणसांना सापडला. यासुदानं त्याआधीच सशाच्या मांडीच्या हाडात बारीक वीज सोडून पाहिली होती आणि ऋण टोकाभोवती नवं हाड जमा झालेलं त्याला दिसलं होतं.

म्हणजे प्रश्न उरला तो वीज आत पोचवायची कशी. काही यंत्रांची तार सर्जन ऑपरेशनच्या वेळीच आत ठेवतात. माझ्या यंत्रात ती भानगड नाही. वेटोळ्यांतून विजेचे बारीक ठोके जातात, त्यांचं चुंबकीय क्षेत्र बनियनमधून, कातडीतून, स्नायूंतून आरपार जातं आणि हाडाजवळ पोचून तिथे पुन्हा चिमूटभर वीज उत्पन्न करतं. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेलं तत्त्व. बारावीला मी ते पाठ करून पास झालो होतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँड्र्यू बॅसेटनं यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि न जुळणाऱ्या हाडांसाठी अशा यंत्राला अमेरिकी सरकारची परवानगी १९७९ साली मिळाली.

माझा चहा गार होईपर्यंत मी हे आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या कमरेत लायटर आहे." आणि मग, "गॅसजवळ जाऊ नकोस."

वाचता वाचता आणखी एक गोष्ट सापडली आणि तिनं मात्र मला उठून उभं केलं (हळूच, कुशीवर वळून, आधी पाय खाली सोडून, शिकवल्याप्रमाणे). मणके एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया १९११ साली न्यूयॉर्कमध्ये दोघांनी स्वतंत्रपणे सुरू केली, हिब्ज आणि फ्रेड ऑल्बी. तेव्हा ती पाठीच्या क्षयासाठी होती. ऑल्बी नडगीच्या हाडाची पट्टी कापून मणक्यांत बसवायचा. हा ऑल्बी राहायचा कुठे, तर कोलोनियाला. म्हणजे आमच्या ओक ट्री रोडवर भाजी घेऊन गाडी पुढे काढली तर भाजी गार असेपर्यंत पोचता येईल एवढ्या अंतरावर. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी तिथे मोठं लष्करी रुग्णालय उभं राहिलं आणि त्याची सूत्रं ऑल्बीकडे होती. हे सगळं ठीक. पण या माणसाला हाड हाडाला जोडायची युक्ती सुचली ती लहानपणी आजोबांकडून झाडांची कलमं बांधायला शिकल्यामुळे.

कलम! मी कोकणातला. आमच्या मामाच्या बागेत रायवळच्या रोपावर हापूसची काडी बांधताना मी पाहिलेलं आहे. धारदार चाकूनं काप घ्यायचा, सालीला साल भिडवायची, पट्टीनं घट्ट बांधायचं आणि मग कलमाला धक्का लागू द्यायचा नाही. मुलं तिथे खेळायला लागली की मामा दगड मारायचा. (मला एकदा लागला होता. तोही पाठीलाच.) कलम धरलं की नाही हे लगेच कळत नाही. मामा रोज सकाळी जाऊन बघायचा आणि आत येऊन रोज एकच वाक्य म्हणायचा, "बघू."

पाठीला पट्टा बांधून मी बसलो होतो आणि आमचे डॉक्टरही दर भेटीत तेच वाक्य म्हणत होते, इंग्रजीत.

काहीच जाणवत नसलेल्या यंत्रावर विश्वास ठेवणं फार कठीण असतं. फ्रिज निदान गुरगुरतो. भेटायला येणाऱ्यांपैकी एका मित्राकडे पाठीला चिकटवायचं चिकट्यांचं यंत्र होतं. त्यानं आल्या आल्या सांगितलं, "माझ्याकडे पण आहे हे. मस्त गुदगुल्या होतात."

"ते वेगळं. ते दुखणं कमी करायला. हे हाडासाठी."

"याला गुदगुल्या होत नाहीत?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

तो बराच वेळ दिव्याकडे बघत होता. "किती हजार म्हणालास?"

त्या दिवसानंतर मी लोकांना सांगायला लागलो की थोडं कोमट वाटतं. लोकांना बरं वाटायचं. दोघातिघांनी तर पट्ट्यावर हात ठेवून 'हो, खरंच की' म्हणून दुजोरा दिला.

वेळ जायला क्रिकेटनं हातभार लावला. २०२४ च्या जूनमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचा भारत-पाकिस्तान सामना आमच्या अंगणात, लाँग आयलंडला होता. बावीस वर्षं अमेरिकेत राहून वाट पाहिली आणि सामना आला तेव्हा मी तासाभराच्या अंतरावर खुर्चीत बांधलेला. आपण ११९ मध्ये गारद झालो तेव्हा मी पट्ट्यासकट आडवा झालो, आणि शेवटी सहा धावांनी जिंकलो तेव्हा पट्ट्यासकट उठलो. त्या दिवशी यंत्रानं पावणेपाच तास नोंदवले. 'उठताना पीळ बसला' हे नोंदवायची सोय त्याच्यात नव्हती, ती बायकोत होती.

आणि मग जुलैतल्या एका सकाळी मला कोथरूडचा वॉचमन व्हायचा मोह झाला. आंघोळ उरकायची होती, फोन करायचे होते, यंत्राचे दोन तास राहिले होते. मी पट्टा खुर्चीच्या पाठीला गुंडाळला, बटण दाबलं, हिरवा दिवा लागल्याची खात्री केली आणि गेलो. जिन्याच्या तोंडाशी ओलं करून ठेवलं म्हणा ना. चाळीस मिनिटांनी बाहेर आलो तर बायको खुर्चीसमोर उभी. ती खुर्चीला विचारत होती, "आता कसं वाटतंय? जुळतंय का?"

मला फार अपमान वाटला. पण खरा अपमान पुढे होता. ऑगस्टच्या तपासणीत डॉक्टरांच्या मदतनीस मुलीनं यंत्राचा हिशेब पाहिला आणि म्हणाली, "वा! सत्त्याण्णव टक्के! आमच्याकडे इतकं नियमित कुणीच वापरत नाही." सगळ्या शाळा-कॉलेजात मला सत्त्याण्णव कधी पडले नाहीत. बायको शेजारीच बसली होती. तिनं फक्त मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "त्यात खुर्चीचा वाटा किती ते सांग."

गणपतीला घरी पंचवीस माणसं होती. मी आरतीला खुर्चीत, पट्टा लावून, हातात टाळ. पट्ट्यावरून उपरणं घेतलं होतं, तरी आतून दिवा हिरवा चमकत राहिला आणि लहान मुलं गणपतीपेक्षा माझ्याच भोवती जमली. त्यांतल्या एकानं विचारलं, "आजोबा, तुम्ही चार्जिंगला आहात का?" खरं तर हो. एका काकांना पेसमेकर बसवलेला होता. अशी यंत्रं पेसमेकरवाल्यांनी वापरू नयेत असं माहितीपुस्तिकेत बजावलेलं असतं. त्यांनी ते वाचून पूर्ण आरती समोरच्या भिंतीला पाठ लावून केली. प्रसादही त्यांना तिकडेच नेऊन द्यावा लागला. मी बटण बंद केलं तरी ते जवळ येईनात.

पण गणपतीत खरी पंचाईत झाली ती नमस्काराची. वाकायचं नाही, उचलायचं नाही, पीळ द्यायचा नाही, या तीन गोष्टी अमेरिकेतल्या प्रत्येक पाठवाल्याला पढवून पाठवतात. मोठ्यांच्या पाया पडायची वेळ आली की मी ताठ उभा राहून हात जोडायचो आणि लोक माझ्याकडे 'फार शेफारलाय' अशा नजरेनं बघायचे. मोडेन पण वाकणार नाही हा आपला बाणा. मी मोडून झाल्यावर वाकत नव्हतो, एवढाच फरक. शेवटी बायको प्रत्येकाला सांगत फिरली, "डॉक्टरांनी मनाई केलीय हो." ऐंशी वर्षांच्या एका आजींनी मात्र तोडगा काढला. त्या स्वतःच खुर्चीवर चढू लागल्या, म्हणजे त्यांचे पाय माझ्या हाताशी येतील. त्यांना उतरवताना तीन माणसं लागली.

डिसेंबरात सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी पेनाचं टोक पुन्हा चित्रावर टेकवलं. दोन मणक्यांच्या मध्ये, जिथे नुसता चुऱ्याचा धूर दिसायचा, तिथे आता एक पांढरट, सलग पूल होता. "धरलंय," ते म्हणाले, आणि मला मामाची बाग आठवली.

घरी आल्यावर मी सगळ्यांना फोन केले. आई म्हणाली, "लाडू." लेक म्हणाली, "स्क्रू." गुदगुल्यावाला मित्र म्हणाला, "तसंही जुळलंच असतं रे." यंत्र आणून देणाऱ्या मुलाचा संदेश आला त्यात चार उद्गारचिन्हं होती. बायको काही बोलली नाही, पण तिनं ज्या तऱ्हेनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला त्यात तिचा दावा नोंदवलेला होता. हाड बापडं आत गप्प.

यंत्राला ठरावीक दिवसांचं आयुष्य दिलेलं होतं. ते त्याच आठवड्यात संपलं. बटण दाबलं तरी दिवा लागेना. मंडळातल्या एका गृहस्थांचा फोन आला, "तुमचं झालं ना? आमच्या मेव्हण्याचं ऑपरेशन आहे फेब्रुवारीत. पट्टा द्याल का?" आपल्याकडे पाळणा जसा फिरतो तसं त्यांना वाटलं असावं. ते एका रोग्याच्या नावानंच असतं, पुन्हा चालू होत नाही, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग नुसता पट्टा द्या."

दोन दिवसांनी बर्फ पडला. फार नाही, चारेक इंच. सकाळी सातला खिडकीतून पाहिलं तर सगळा लांबलचक ड्राइव्हवे पांढरा. समोरचे शेजारी फावडं घेऊन बाहेर पडले होते. बायको कोट शोधत होती, आणि गराजमधून दोन फावडी काढून दारात उभी केली होती. दोन.

मी कपाटातून पट्टा काढला, कमरेला गुंडाळला, वेल्क्रो घट्ट दाबला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत, रस्त्यावरून नीट दिसेल असा, जाऊन बसलो. शेजाऱ्यांनी हात केला. मी पट्ट्यावर बोट ठेवून खेदानं मान हलवली. त्यांनीही हलवली.

बायको बूट घालायला माझ्या शेजारी येऊन बसली. एक बूट घातला. दुसरा हातात घेतला. मग वाकून माझ्या पोटाकडे पाहिलं.

"अरे," ती म्हणाली, "दिवा लागलेला नाही तुझा."